मिश्रीच्या डबीतली दाढ

नाला खोल करताना मशीनने काढलेल्या मुरमात मला एक दाढ सापडली. काळीभोर, अन् उचलली तर दगडागत जड. सुनेनं मोबाईलवर फोटो काढून नगरच्या कॉलेजात जुन्या हाडादातांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना पाठवला. दोन दिवसांनी बाई दारात हजर.

ती दाढ मी बायकोच्या मिश्रीच्या डबीत ठेवली होती. बायको जाऊन सहा महिने झाले. डबीत तिचीही एक दाढ होती, जिवंतपणी डॉक्टरनं उपटलेली, तंबाखूच्या मिश्रीनं तशीच काळी पडलेली. अस्थींबरोबर ती प्रवरेत सोडायला पाहिजे होती. मी चोरून ठेवली. अंगातलं काही मागं राहिलं तर जीव अडकतो म्हणतात. त्या भीतीनं मला घास जात नव्हता, पण टाकवतही नव्हती.

बाईंनी डबी मागितली. मुरमातली तेवढी काढून द्यावी म्हणून झाकण उघडलं, तर डबी कलंडली अन् दोन्ही त्यांच्या तळहातावर पडल्या.

"ही जड आहे, दगड झालीय. रानडुकराची असावी बाबा. डुकराची दाढ माणसासारखी दिसते, भलेभले फसतात."

"घ्या मामा! आमी पूर्वज म्हनून हळदकुंकू लावनार हुतो," सून हसली.

"पण ही दुसरी माणसाची आहे. कुठं मिळाली?"

सून बघत होती. "त्याच मुरमात," मी बोलून गेलो.

बाईंनी भिंग लावलं. "लाखो वर्षांपूर्वीचा माणूस काय खात होता, कसा वाढत होता, हे बरंचसं दातांवरनंच कळलंय. हाड कुजतं, दात टिकतो. ही आडवी रेघ बघा. हे लेकरू लहानपणी बरेच दिवस उपाशी असणार, नाहीतर आजारी. तेवढे दिवस दाताची वाढ अडते, अन् रेघ मरेपर्यंत जात नाही. ही नेऊन कापून बघावी लागेल."

मी हात पुढं केला. "कापू नका बाई. ती माझी बायको हाय."

सुनेनं तोंडाला पदर लावला. बाईंनी दाढ माझ्या हातात ठेवली.

बायकोचं माहेर तिसगावकडचं. दुष्काळात आईबाप खडी फोडायला जायचे, एवढंच ती सांगायची. उपासाचं कधी बोलली नाही. उतरंडीमागं भाकरीचे तुकडे लपवायची, अन् मी जन्मभर तिला खादाड म्हणून हिणवलं.

बाई निघाल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मारल्यालं बी दिसतं का ह्याच्यात?"

"मोडलेलं हाड दिसतं. या दाढेत तसं काही नाही. का हो?"

"काय न्हाई."

तिचं मनगट एकदा माझ्या हातानं मोडलं होतं. विहिरीवर घसरले, असं तीच सगळ्यांना सांगायची. ती हाडं मी नदीत सोडली, बरं झालं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. अन् मग त्या वाटण्याचीच मला भीती वाटली.

"मामा, च्या ठिवू का?" सून विचारत होती.

मला तिच्याकडं बघवेना.