कुत्र्याचा पंजा आणि माझ्या वाटणीचं दूध

आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, कोणताही लहान जीव हातात घेतला की तो पुढे केवढा होणार हे कळायचं. निदान ते तसं म्हणायचे, आणि अंजनगावच्या आसपास त्यांना खोटं ठरवायची कुणाची छाती नव्हती. गोऱ्ह्याचा खूर बघून सांगत, पोरांचं मनगट धरून सांगत. इतकी वर्षं झाली, तरी त्यांची ती पारख आठवली की माझं डोकं तापतं.

कापूस फुटायच्या दिवसांत वावराच्या राखणीला कुत्रा हवा, म्हणून त्यांनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकापासून एक तांबडं पिल्लू उचलून आणलं. ओट्यावर माणसं जमवून त्याचा पुढचा पाय सगळ्यांसमोर धरला. "पंजा पाहा न! वासराएवढा होते हा." मानगुटीला धरून उचललं तर पिल्लू केकाटलं नाही, म्हणजे शूर. नखं मोजली ती वीस भरली, म्हणजे जातिवंत. त्याची आई रोज त्या फाटकापाशी पडलेली असायची, माणसाच्या गुडघ्याएवढी. पण तिच्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

मग वासराएवढ्या कुत्र्याचा खुराक सुरू झाला. गोऱ्ह्याचा बैल करायचा तर सरकी चारायची, एवढंच त्यांना ठाऊक. तेच त्यांनी पिल्लालाही लावलं. भिजवलेली सरकी, लोण्याचा गोळा आणि दोन्ही वेळा दूध. दूध देणारी म्हैस घरात एकच. मोठ्या बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी तेव्हा बारा वर्षांची, हाडापेरानं मोठी. आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "इचे पाय पाहा. दूध देऊन अजून कायले वाढवता? उंच पोरीले नवरा कोठून आनसान?" कुत्र्याचे पाय मोठे म्हणून त्याला दूध, माझे पाय मोठे म्हणून माझं बंद. आईनं पदर सावरला आणि माझी वाटी पिल्लापुढे ठेवली. तिचाही मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पिल्लावर राग नव्हता. ते बिचारं समोर येईल ते चाटायचं आणि फुगत जायचं. पोट जमिनीला टेकायला आलं, पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले, ओट्याची पायरी चढताना ते धापा टाकत मध्येच बसू लागलं. मोठे बाबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "कसा भरून राहिला!" भरत कसलं होतं, मरत होतं ते. मला दिसत होतं.

एका बैलाचा खूर दुखावला म्हणून त्याला बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागे बांधून मोठे बाबा अंजनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात निघाले, तेव्हा पिल्लू मांडीवर घेऊन मी आत चढून बसले. डॉक्टरांनी बैल बाजूला ठेवून आधी पिल्लाच्या बरगड्या चाचपल्या. सापडेनात.

"हाताला बरगडी लागली पाहिजे आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे," ते म्हणाले. "सरकी रवंथ करणाऱ्या जनावराची. याला ती विषासारखी आहे. सरकी, लोणी, दूध सगळं बंद. वरणात कुस्करून भाकरी द्या, थोडी थोडी. याची आई केवढी आहे?"

मी माझा गुडघा दाखवला.

"मग हाही साधारण तेवढाच होणार. पंज्यावरून नुसता अंदाज येतो. खाऊ घालून कुणी वासराएवढा होत नाही, पाय मात्र जातात. आणि हाडं वाढायच्या वयात जे बिघडतं ते मग सुधारत नाही."

मोठे बाबा कासरा ओढत म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमी बैलाचं पाहा. कुत्रं आमचं हाये."

संध्याकाळी घरी पुन्हा सरकी भिजली, पुन्हा वाटी भरली. पिल्लू वाटीकडे यायला धडपडत होतं आणि त्याचे पाय पसरत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरकीचं घमेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. परत येऊन मोठ्या बाबांच्या समोर उभी राहिले आणि वाटीतलं दूध घटाघटा प्यायले. त्यांनी कानफटात मारली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्यायले, त्यांनी पुन्हा मारली. आई चुलीपाशी बसून बघत होती. मध्ये पडली नाही, पण त्यानंतर सरकी भिजवायला तिनं हात लावला नाही. शेवटी मारून मारून मोठे बाबाच कंटाळले.

कुत्रा जगला. गुडघ्याएवढा झाला, अंगानं हलका झाला, वावराची राखणही करू लागला. पाय मात्र वाकडे राहिले ते राहिलेच. मोठे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाय दाखवत आणि मग माझ्याकडे बोट करत. "इनं त्याचं दूध पेलं. नाई तं वासराएवढा झाला असता."

त्याचं दूध! मला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच सांगितलं, आणि ओट्यावर बसलेले सगळे त्या कुत्र्यासाठी हळहळले.