उमेदवाराच्या कपाळावरचा घाम

जोंग युए-श्याला आम्ही सगळे आ-श्या म्हणायचो. हुवेई गावातल्या आमच्या छोट्या केबल वाहिनीत ती अकरा वर्षं मेकअप करत होती आणि मी दिवे लावत होतो. जिन्याखालच्या जागेत तिचा आरसा, एक खुर्ची आणि डब्यांचं कपाट. निवडणूक आली की त्या खुर्चीत एकामागून एक उमेदवार येऊन बसत.

मालकांच्या मर्जीतल्या उमेदवाराला मी समोरून मऊ उजेड द्यायचो. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला थेट डोक्यावरून, म्हणजे डोळ्यांखाली काळं दिसे. निर्माते झुओसाहेब सांगत, मी करत असे. मुलाखत घेणारा एकाला विचारी, "तुमच्या आईच्या हातचं काय आवडतं?" आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. पलीकडच्या वाहिनीवर हेच उलटं चाले. त्यामुळे आपण काही वाईट करतोय असं आम्हाला वाटत नव्हतं.

त्या वर्षी नगराध्यक्षपदाला मालकांच्या माणसासमोर शाळामास्तरीण ल्याओ बाओ-छिन उभी राहिली. भिंतीवर मुलाखतींची यादी लागली तेव्हा आ-श्या ते नाव बराच वेळ बघत होती.

"माझ्या वर्गात होती," ती म्हणाली.

"मग ओळखीचीच निघाली की."

"तिच्यामुळे मला कुणी ओळखलं नाही, श्योंगदादा."

पाचवीत असताना भाषणाच्या स्पर्धेसाठी बाईंनी आधी आ-श्याला निवडलं होतं. पंधरा दिवस ती आईबरोबर लसूण सोलता सोलता भाषण म्हणत होती. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, बाओ-छिनचा आवाज मागपर्यंत पोचतो, तीच जाऊ दे. तेच भाषण बाओ-छिनने एका रात्रीत पाठ केलं आणि ढाल घेऊन आली. पुढेही तसंच होत गेलं. बाओ-छिन शिक्षिका झाली, तिचं लग्न थाटात लागलं, चाळिशी उलटली तरी चेहऱ्यावर एक डाग नाही. "तिने माझं काही ओढून घेतलं असतं तर मी भांडले तरी असते," आ-श्या म्हणाली. "पण लोकच तिला आणून देतात."

मुलाखतीच्या दिवशी दुपारी दोनला बाओ-छिन आली. मी आरशावरचा बल्ब बदलत स्टुलावर उभा होतो.

"अगं आ-श्या! तू इथे असतेस? बरं झालं बाई, माझे हातपाय गार पडलेत."

"बस," आ-श्या म्हणाली. "हनुवटी वर कर."

तिने रंगाचा हात फिरवला, भुवया नीट केल्या, ओठांना जरा जास्तच गडद रंग लावला. मग डबा बंद केला. कपाळ आणि ओठांच्या वरचा भाग तसाच तुकतुकीत राहिला होता.

"पावडर राहिली ना," मी म्हणालो.

"वेळ झाली. जाऊ दे त्यांना."

बाओ-छिनने आरशात स्वतःकडे बघितलं, मग आ-श्याकडे, आणि उठली.

माझा दिवा तिच्या डोक्यावर होता. वीस मिनिटांत मुलाखत घेणाऱ्याने तिला अकरा वेळा तोडलं, मी मोजत होतो. दहाव्या मिनिटाला कपाळावर घामाचे मणी दिसायला लागले. झुओसाहेबांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितला. पाण्याच्या प्रश्नावर ती चांगलं बोलत होती, आकडे तोंडपाठ होते तिला, पण पडद्यावर घामच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आ-श्या आणि मी बाजारात बदकाच्या मटणाचा भात खायला गेलो. भातवाली शेजारणीला सांगत होती, "काय घामाघूम झाली होती मास्तरीण. काहीतरी लपवत असणार." आ-श्याने आणखी एक वाटी भात मागवला आणि सगळा संपवला.

बाओ-छिन चारशे बारा मतांनी हरली.

आमच्याकडे हरलेला उमेदवारही दुसऱ्या दिवशी गाडीवर उभा राहून मतदारांचे आभार मानत फिरतो. बाओ-छिनची गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा आम्ही वाहिनीच्या फाटकात उभे होतो. ती वाकून नमस्कार करत होती. बायका दुकानांतून बाहेर येत होत्या, एका म्हातारीने पेरूंची पिशवी वर दिली आणि डोळे पुसले.

"हरली तरी बघा," आ-श्या हळूच म्हणाली. तिचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता.

गाडी थांबली. बाओ-छिन खाली उतरून आमच्याकडेच आली.

"आ-श्या, त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नकोस. मी आरशात बघितलं होतं. वरून सांगितलं असणार तुला. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून गप्प बसले."

आ-श्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिने हलवावी असं मलाच वाटत होतं.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," आ-श्या म्हणाली. "दिव्याचं श्योंगदादांना सांगितलं होतं. पावडर मी आपणहून लावली नाही."

मी मान खाली घातली.

"का पण?"

"पाचवीतलं ते भाषण."

"कुठलं भाषण?"

तिला खरंच आठवत नव्हतं. आ-श्याने तिथेच, फाटकात उभं राहून, त्या भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली. चार-पाच वाक्यं, कुठेही न अडखळता. गाडीवरची पोरं वरून बघत होती. बाओ-छिन शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"चारशे बारा मतं, आ-श्या," ती म्हणाली. "ती तुझ्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण आता मला रोज तसं वाटणार. हे तू सांगायला नको होतंस."

ती गाडीवर चढली आणि पुढच्या घरांकडे बघून वाकायला लागली.

त्याच महिन्यात आ-श्याने नोकरी सोडली आणि दौल्यू शहरात जाऊन नवरीमुलींचा मेकअप करायचं दुकान टाकलं. मी आणखी दोन वर्षं झुओसाहेब सांगतील तिथे दिवे लावले. माझ्याने काही नोकरी सोडवली नाही.

चार वर्षांनी बाओ-छिन पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. निकालानंतरच्या आठवड्यात मी आ-श्याच्या दुकानात गेलो होतो. मतदानाला ती मुद्दाम हुवेईला येऊन गेल्याचं मला कळलं होतं.

"मग, आनंद झाला का?" मी विचारलं.

"आनंद कसला," ती म्हणाली. "तिला हार घालताना टीव्हीवर बघितलं आणि टीव्हीच बंद केला. पण मत तिलाच दिलं. पाण्याचं तिला चांगलं कळतं."

खुर्चीतली नवरी मान हलवत होती. आ-श्याने तिला सरळ बसायला सांगितलं.