पुरी माफी

पिकोमावशींना ‘जाऊ दे’ म्हणता येत नसे. म्हणजे खोटं म्हणता येत नसे. संत तुकाराम नगरात आमच्या शेजारी राहून त्या साड्यांना फॉल-पिको करून देत, म्हणून सगळ्यांच्या पिकोमावशी. एकदा खालच्या काकूंनी भांडण मिटवायला त्यांना चहाला बोलावलं. “झालं गेलं मावशी, मनात ठेवू नका,” असं काकू म्हणाल्या, तर मावशींनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, “अजून गेलं न्हाई. गेलं की सांगीन.” काही आठवड्यांनी खरंच जिना उतरून सांगून आल्या, “गेलं बरं का.” काकूंना तोवर भांडण कशावरून झालं तेही आठवत नव्हतं.

मावशी नगरकडच्या, कॅथलिक. यजमान पिंपरीत कंपनीत लागले म्हणून इकडे आल्या आणि ते गेल्यावर मशीनवर घर चालवलं. त्यांच्या घरी रोझरीचा जप, आमच्या घरी बुद्धवंदना, मध्ये एक भिंत. त्यामुळे दोन्ही घरांना एकमेकांचं निम्मंशिम्मं पाठ. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन दोष शोधायचे, हे माझं काम, आणि घरचे म्हणतात स्वभावही तसाच झालाय. मावशींचे गुडघे धरले तेव्हापासून माझी स्कूटर ही त्यांचीच स्कूटर झाली.

नोव्हेंबरचे पहिले आठ दिवस तर ती स्कूटर माझी नसेच. सकाळी चर्चमध्ये मिस्साची उपासना आणि तिथून कब्रस्तान. आधी कन्फेशन करून ठेवायचं, मिस्सात प्रसाद घ्यायचा, पोपसाहेबांच्या मनातल्या हेतूंसाठी प्रार्थना म्हणायची आणि कब्रस्तानात जाऊन गेलेल्यांसाठी देवाला विनवायचं. एवढं केलं की एका गेलेल्या माणसाला पुरी माफी पोचते, असं त्यांच्या धर्मात आहे. चर्चच्या भाषेत त्याला दंडमोचन म्हणतात. मावशी आपल्या ‘पुरी माफी’ आणि ‘अर्धी माफी’ म्हणत. दिवसाला एकच पुरी. एक दिवस वडिलांचा, एक यजमानांचा, असं करत शेवटचा दिवस कायम आईचा.

मी खोचकपणे विचारलं होतं, “मावशी, कन्फेशनमध्ये पाप माफ होतं ना? मग ही आणखी कसली माफी?”

त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या, “तू लहानपणी माझी बरणी फोडलीस. मी माफ केलं. पण काचा कुणी गोळा केल्या?”

“मी.”

“मंग? माफ झालं तरी काचा ऱ्हातात. जो मेला त्याला तिथं गोळा करत बसावं लागतं. आपण हितून हात लावायचा.”

त्या ‘तिथं’ला शुद्धिस्थान म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे रिजेक्ट नाही, रिवर्क. पार्ट चांगला आहे, पण थोडं घासूनपुसून मगच पुढे जायचा. हे त्यांना इतकं आवडलं की नंतर रविवारच्या धर्मशिक्षणात त्यांनी पोरांना तसंच शिकवलं. पूर्वी ही माफी पैसे घेऊन देत म्हणे, असंही मी टोचून पाहिलं. त्या चिडल्या नाहीत. “देत व्हते. आमच्याच लोकांची चूक ती. आता पैसा घेत न्हाईत, मन मागतात. ते जास्त महाग पडतं.”

किती महाग, ते मला पुढे दिसलं.

मावशींच्या आईची कबर त्या कब्रस्तानात नव्हती. म्हातारी शेवटी कुरुळीला, मावशींच्या धाकट्या बहिणीकडे होती. धाकटीने हिंदू घरात लग्न केलेलं. मावशी गावी गेलेल्या असताना म्हातारी गेली, आणि मावशी परतेपर्यंत सगळं उरकलेलं. फादरांना बोलावलं नाही, शेवटचा तेलाचा विधी नाही, माती नाही. सासरच्या रीतीने अग्नी दिला. त्या दिवसापासून मावशी धाकटीशी बोलल्या नाहीत. आईच्या दिवशी त्या कब्रस्तानात भिंतीकडेला, जिथे कुणाचीच कबर नाही, तिथे मेणबत्ती लावत.

माफीची आणखी एक अट होती, पापाची ओढ नको, अगदी लहान पापाचीही. मावशींनी तिचा अर्थ इतकी वर्षं असा घेतला होता की त्या दिवसांत पाप करायचं नाही. म्हणून ते आठ दिवस त्या भाजीवाल्याशी घासाघीस करत नसत आणि कुणाबद्दल बोलणं निघालं की उठून मशीनला तेल घालत. एका वर्षी नव्या फादरांनी नोव्हेंबरच्या आधी ही अट नीट समजावून सांगितली. पाप हातून घडलं नाही एवढं पुरत नाही. जे मनात आवडीने जपून ठेवलंय तेही सोडावं लागतं, नाहीतर माफी अर्धीच.

त्या दिवशी चर्चमधून मी मावशींना घरी आणलं. जिन्यापाशी उतरून म्हणाल्या, “मी धाकटीचा राग जपून ठेवलाय गं. आईच्या नावानं ठेवलाय. म्हंजे इतकी वर्षं आईला अर्धंच पोचलं.”

मी म्हटलं, देव काय एवढं बघतो का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ओरखडा असलेला पार्ट पास करणाऱ्या मुलाकडे पाहते.

आईच्या दिवशी मिस्सा संपल्यावर त्या म्हणाल्या, “कुरुळीला घे.”

धाकटीने दार उघडलं आणि हातातलं पातेलं धरून तशीच उभी राहिली. “आक्का,” एवढंच म्हणाली.

मावशी उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. “मी तुला माफ करायला न्हाई आले. ते अजून जमत न्हाई. आईला कुठं नेलं तेवढं दाखव.”

गावाच्या स्मशानभूमीत पत्र्याची शेड होती, मागे कंपनीची भिंत, पलीकडे कंटेनरची रांग. धाकटी खाली बघत म्हणाली, “मी म्हणले व्हते आक्का, फादरला बोलवा. सासरे म्हणले, हितं आमची रीत. पुढं बोलायचं धाडस न्हाई झालं. पण तिच्या हातातली रोझरीची माळ मी काढू दिली न्हाई. ती तिच्यासंगट गेली.”

मावशी दुखऱ्या गुडघ्यांवर तिथे राखेतच टेकल्या आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू केलं. मध्येच धाकटीचा आवाज त्यात मिसळला. तिला शब्द आठवत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

उठताना मावशींनी माझा हात धरला. “हे नेमात बसतं का मला ठावं न्हाई. कब्रस्तानात बी जाऊन येऊ.” आणि मागे न बघता म्हणाल्या, “चल गं, तू बी.” त्या दिवशी मी, नियमावर बोट ठेवणारी बाई, चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकमधून ट्रिपल सीट पिंपरीला आले.

भिंतीकडेला मेणबत्ती लावून झाली. गेटपाशी मला राहवलं नाही. “मावशी, गेला का राग?”

त्यांनी मनात तपासून पाहिलं. “थोडा हाये अजून,” त्या म्हणाल्या. “पण आता मला तो नको झालाय.”

एवढा खरा हिशेब स्वतःशी ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी कुणाला माफ केल्याचं पटकन सांगते, तेव्हा आजही जीभ अडखळते.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांची कबर त्याच भिंतीकडेला आहे. यंदा नोव्हेंबरात धाकटी कुरुळीहून आली, मी तिला घेऊन गेले. मेणबत्ती लावून झाल्यावर तिने विचारलं, “आक्काला पोचलं असंल का गं?”

मी त्या धर्माची नाही, आणि मावशींच्या कबरीपाशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, “ते मला कळत नाही. पण तुमच्या आक्काचं रिवर्कला फारसं काही उरलं नसणार.”