ब्रेकची वायर

आता जे सांगतोय ते माझ्या तोंडून अजून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, आईसमोर नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हाही मी दुसरंच काहीबाही मागतो, हा विषय तिथेही काढत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कदाचित.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यांत जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशिनी असतात. कधीकाळी परदेशातून आलेल्या, लोखंड अजून ठणठणीत, पण मेंदू गेलेला. स्क्रीन काळी पडते, आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळतात, त्यांचे पार्ट कुठे मिळत नाहीत. मालक ती भंगारात द्यायला निघतो. तेव्हा मला बोलावतात. मी जुना कंट्रोल, जुन्या मोटरी, वायरींचं सगळं जंजाळ उपटून काढतो आणि नवा कंट्रोल, नव्या मोटरी, नवं पॅनल बसवून मशीन पुन्हा उभी करतो. याला रेट्रोफिट म्हणतात. उधन्यात, पांडेसऱ्यात, इथल्या सगळ्या कारखान्यांच्या भागात बरेच जण मला ओळखतात. याच्या हाताला यश आहे, असं म्हणतात. तसं कुणी म्हटलं की मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, माणूस साधा आहे.

आणि सुकदेव आप्पा.

आप्पा लिंबायतमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहतात. रक्ताचं नातं नाही, पण गाव एकच, अमळनेरकडचं. माझे वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. ते गेले तेव्हा मलाही लूमवरच धाडायचं घरात ठरत होतं. पोराला आयटीआयला घाला, असं आईच्या मागे लागून लागून तिला पटवलं ते आप्पांनी. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं तर माझीच जीभ अडेल.

आप्पा उधन्याच्या एका कारखान्यात मिलिंग मशीन, म्हणजे लोखंड कापून आकार देणारी मशीन चालवायचे. कापड रंगवायच्या मशिनींना लागणारे पार्ट तिथे बनायचे. मशीन जुनी, पण आप्पांचा तिच्यावर फार जीव. सकाळी आले की हात धुवायच्या आधी तिच्यावर फडकं मारायचे. तिचा कंट्रोल बंद पडला तेव्हा शेठ ती विकायच्या विचारात होते. आप्पाच त्यांना म्हणाले, आमचा दिनू करील. दिनू म्हणजे मी. तोवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं, एकट्याने पूर्ण मशीन कधी घेतली नव्हती. शेठ गुजराती, हिशोबी माणूस, पण आप्पांचा शब्द त्यांनी मानला.

काम चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. नवी स्क्रीन लागली तेव्हा आप्पा लांब उभे राहून तिच्याकडे सुनेकडे बघावं तसे बघत होते. बोट लावायला घाबरायचे. मी त्यांना शेजारी उभं करून शिकवलं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: काहीही अडकलं, काहीही वेगळं दिसलं, तर आधी लाल बटण दाबायचं, इमर्जन्सी. मशीन मेली की मगच हात आत घालायचा. आप्पांनी लहान मुलासारखं ते माझ्यासमोर म्हणून दाखवलं होतं.

आता वायरीचं सांगायला हवं. थोडं थांबतो — नाही, सांगतो.

या मशीनचा वरचा भाग, ज्यात कटर फिरतो, त्याला डोकं म्हणतात. चांगलं जड असतं. ते वर-खाली करणाऱ्या मोटरीला ब्रेक असतो. त्या ब्रेकला करंट मिळाला की तो सुटतो, करंट गेला की घट्ट आवळतो. म्हणजे लाल बटण दाबलं, मोटर मेली, की त्याच क्षणी ब्रेकचाही करंट जायला हवा. नाहीतर? नाहीतर डोक्याला धरून ठेवणारं कुणीच उरत नाही. मोटर नाही, ब्रेक नाही.

मोटर जुळवताना मी ब्रेकची वायर थेट सप्लायवर जोडली होती, ब्रेक सतत सुटलेला राहावा म्हणून. कामापुरतं असं करतात. काम झालं की वायर काढून तिच्या जागी लावायची. मी ती लावली नाही. विसरलो. रोजच्या कामात ते कळतही नाही, कारण मोटर डोकं धरून असते. संध्याकाळी मेन स्विच बंद केला की सगळाच करंट जातो, ब्रेक आपोआप आवळतो. फक्त लाल बटण दाबलं तरच ते उघडं पडणार. मशीन सोपवताना डोकं वर नेऊन ते बटण दाबून बघायचं असतं. पहिला धडा असतो तो. मी दाबून बघितलं नाही. दिवाळीच्या आधीच्या ऑर्डरी होत्या, शेठ घाई करत होते, पेढे आले होते — पण ही कारणं मी का सांगतोय? बटण दाबायला किती वेळ लागतो?

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चूक झाली, माणसाच्या हातून होते. तीच सांगायची असती तर मी केव्हाच सांगितली असती.

थोड्याच दिवसांत दुपारी कारखान्यातून फोन आला. आप्पांचा हात मशीनखाली आलाय. मी पोचलो तोवर लोक त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. मशीन तशीच होती. डोकं खाली आलेलं, कटरला लोखंडाचा लांबलचक कीस गुंडाळलेला, टेबलावर आप्पांचं फडकं. लाल बटण आत दाबलेलं होतं. मी ते बघितलं. आतच होतं. मशीनजवळ कुणी नव्हतं, सगळे बाहेर गेटपाशी गोळा होऊन बोलत होते.

मला तिथेच कळलं. पॅनल उघडायच्या आधीच कळलं. तरी उघडलं. ती वायर जिथे मी ठेवली होती तिथेच होती. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, वायर सोडवली, तिच्या खऱ्या जागी लावली, पॅनल बंद केलं.  ते तेव्हा इतक्या शांतपणे कसं जमलं, हे मला अजून कळत नाही. मग लाल बटण फिरवून बाहेर काढलं.

शेठ दवाखान्यातून आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला सरळ विचारलं: आप्पा रिक्षातही एकच सांगत होते, ‘मी बटण दाबलं होतं.’ मशीनमध्ये काही राहिलं असेल का? विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर ते ऐकायला तयार होते. ते मला दिसत होतं, म्हणून म्हणतो.

मी मशीन चालू केली, डोकं वर नेलं, आणि त्यांच्यासमोर लाल बटण दाबलं. डोकं जागचं हललं नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही हललं. तोवर कामगारही आत येऊन मागे उभे राहिले होते. सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं. शेठ म्हणाले, म्हणजे आप्पांनी घाईत आधी हात घातला असणार, नंतर कुणीतरी बटण दाबलं असणार. मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

एवढेच दोन शब्द. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, तिसरं पुढे कधी वाकलं नाही. हाताला मोठं बँडेज, दुसऱ्या हाताला सलाइन. उशाशी जिजी बसल्या होत्या, आप्पांची बायको. माझ्याकडे बघून आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना अहिराणीशिवाय दुसरी भाषा सुचली नाही.

"दिनू, मी बटन दाबेल व्हतं रे. मंगच हात घाला. तू सांग त्यासले."

बटण दाबूनच हात घातला, तू सांग त्यांना. सगळ्या कारखान्यात त्यांना माझ्यावरच भरवसा होता. मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांच्या पावलावर हात ठेवला. आणि म्हणालो, "आप्पा, अशा वेळी माणसाला नीट आठवत नाही. मी मशीन तपासून बघितली. तिच्यात काही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले.  मला वाटलं, आता ओरडतील. पण ते भुवया आखडून कुठेतरी बघायला लागले — आठवत होते. मी बघत होतो आणि माझ्यासमोर तो माणूस आपली आठवण तपासत होता, मी तसं सांगितलं म्हणून. जिजी त्यांना म्हणाल्या, "पोरानं एवढी चांगली मशीन करी दिनी, तुम्हीच घाई करी असीन."

बोटं माझ्या विसरण्याने गेली. पण यानंतर जे गेलं ते मी बघून, समजून, हाताने काढून घेतलं.

शेठनी दवाखान्याचं सगळं बघितलं, आप्पांना गेटवर बसवलं. ज्यांनी आयुष्यभर मशिनीवर ओरखडा पडू दिला नव्हता ते टेम्पो आत-बाहेर सोडायला लागले. पहिले काही महिने ते कुणी विचारलं की सांगायचे, मी दाबलं होतं. लोक हसायचे नाहीत, पण एकमेकांकडे बघायचे. मग ते सांगेनासे झाले. मग ‘दाबलं असेल असं वाटतं’ म्हणायला लागले. नंतर कधीतरी, केव्हा ते मला कळलं नाही, त्यांची गोष्ट पूर्ण बदलली.

मी ती प्रत्यक्ष ऐकली. त्या मशीनच्या कामासाठी पुन्हा गेलो होतो. नवे ऑपरेटर आले होते आणि आप्पा त्यांच्यात उभे राहून आपला हात दाखवत होते. सांगत होते, बाबांनो, माझ्यासारखं करू नका. मी बटण न दाबता हात घातला, त्याचं हे फळ. दिनूने मला किती वेळा सांगितलं होतं! विचारा त्याला. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

मी मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. हो. तेव्हाही सांगता आलं असतं. त्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी, आप्पांच्या मुलीच्या लग्नात मी मांडवाची लायटिंग करत होतो तेव्हा. आप्पांनी सगळ्यांसमोर मला टोपी घातली, टॉवेल दिला, घरच्या पोरासारखा. मी घेतला.

आता आप्पा घरीच असतात. यंदा उन्हाळ्यात मी ठरवून त्यांच्याकडे गेलो. आज बोलायचंच, असं ठरवून. जिजींनी चहा ठेवला. आप्पा खाटेवर बसून डाव्या हाताने वारा घेत होते. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो — बघा कसा म्हणालो ते — "आप्पा, समजा त्या दिवशी तुम्ही बटण दाबलंच असेल, तर?"

समजा. असेल. तर. इतक्या वर्षांनी मी हे तीन शब्द घेऊन गेलो होतो.

आप्पांनी वारा घेणं थांबवलं. थोडा विचार केला. मग माझ्या खांद्यावर तो उजवा हात ठेवला, त्याच हाताने, आणि समजावल्यासारखं म्हणाले, "नही रे भाऊ. नव्हतं दाबेल. माले चांगलं याद शे. तू मनले लायी लेऊ नको."

त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांनी आत हात घातलेला आठवत होता, बटणाकडे न बघितलेलं आठवत होतं. कधी न घडलेली गोष्ट त्यांना स्वच्छ दिसत होती, आणि ती मी त्यांच्या डोक्यात घातली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात जिजी चहा घेऊन आल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरावं तसं हलकं वाटलं. आता कुणाला कळणार नाही, आता तर त्यांनाही नाही, असं मनात आलं. मी बशीत चहा ओतला. जिजींनी साखर बरोबर आहे का विचारलं. मी म्हणालो, बरोबर आहे.