राखून ठेवलेली दोन प्रकरणं

नववीला इंग्रजी शिकवताना मला एकदा शहाणपणाचा झटका आला. आमची शाळा तळोद्याजवळची, सातपुड्याच्या पायथ्याची. माझ्या घरची बोली अहिराणी, मुलांची पावरी, मराठी आम्हा दोघांनाही शाळेपुरती, आणि शिकवायचं इंग्रजी! पाठ्यपुस्तक उघडलं की अर्धा वर्ग खिडकीबाहेर. म्हणून मी माझ्याजवळची एक इंग्रजी रहस्यकादंबरी वर्गात नेऊ लागले. या वयाच्या मुलांसाठीचीच होती. बंद पडलेल्या हॉटेलात राखणदाराची मुलगी राहते, वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली असते आणि तिच्यातून कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येतो. एवढ्याच भांडवलावर अख्खं पुस्तक.

प्रत एकच. मी पान इंग्रजीतून वाचायचे, मराठीतून समजवायचे आणि ऐन मोक्याला पुस्तक मिटायचे. पोरं ओरडायची. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू? हजेरी वाढली. शिपाईकाका एकदा दारातून म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकाडी ऱ्हायनात का पोरेसले टांगी ऱ्हायनात?"

सगळ्यात जास्त टांगलेली होती पहिल्या बाकावरची एक मुलगी. डोंगरातल्या पाड्यावरून चालत यायची. अडलेले शब्द वहीत उतरवायची आणि मधल्या सुट्टीत माझा डबा उघडू द्यायची नाही. एक दिवस तिनं अख्खं पान न अडखळता वाचलं. मला इतका आनंद झाला की उगाच बाकीच्यांवर खेकसले. काही झालं तरी हिला बारावीपर्यंत न्यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीलाच परततात. त्या वर्षी या मुलीच्या आईची कंबर धरली होती, म्हणून कामाला हात लावायला मुलीलाही नेणार होते. वडिलांना मी शाळेत बोलावलं. "होळीनंतर पाठवतो," ते म्हणाले. हे मी दरवर्षी ऐकते. थोडी मुलं येतात, बरीच येत नाहीत.

निघायच्या दिवशी ती फक्त एवढंच विचारायला आली, "मॅडम, शेवट सांगून द्या ना."

दोनच प्रकरणं उरली होती. पाच मिनिटांचं काम. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला वाटलं, शेवट माझ्याकडे राहिला तर त्याच्यासाठी तरी ही परत येईल. "होळीनंतर वर्गात ये, तुलाच वाचायला देते," मी म्हणाले. ती "बरं" म्हणून गेली. बाकीच्या वर्गालाही मी ती प्रकरणं वाचून दाखवली नाहीत.

होळी झाली. इतर मुलं हळूहळू दिसू लागली, ती नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि पुस्तक पिशवीत टाकून जीपनं वर तिच्या पाड्यावर गेले. ती अंगणात झाडत होती. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. होळीतच तिचं लग्न ठरलं होतं. मी वयाचं बोलले, कायद्याचं बोलले, आवाज चढवला. वडिलांनी माझ्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन ते शेताकडे निघून गेले.

मग मी तिच्याकडे वळले. "शेवट आणलाय. सोमवारी वर्गात ये, वाचू."

ती हसली. "तो झाला, मॅडम."

गुजरातेत मजुरांच्या तळावर दिवसभराची तोड संपली की ती बायकांना तीच गोष्ट पावरीतून सांगायची, रोज थोडी, माझ्यासारखीच मोक्याला थांबवून. मग गोष्ट संपत आली आणि बायका सोडेनात.

"मग मीच सांगून टाकला शेवट."

"काय सांगितलास?"

"तिनं दार उघडलं. आत कोणीच नव्हतं. मग ती खाली आली अन् कामाला लागली."

"बायका काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असंच असतं."

पुस्तकात त्या खोलीत राखणदाराच्या मुलीची हरवलेली बहीण असते, आणि दोघी मिळून तिथून निघून जातात. तिनं मागितला तेव्हा हा शेवट मी तिला दिला नाही, आणि त्या अंगणात तो सांगायची माझी छाती झाली नाही.