आबांच्या माशांसाठी बर्फ

सगळ्यात आधी सांगून टाकते, मला मासे मारायचे नव्हते. मला त्यांची दया आली होती. एप्रिलमधल्या जळगावात कुणाचीही दया येते, रस्त्यावरच्या कुत्र्याची, नळाची, स्वतःची तर येतेच येते.

मी मूळची धुळ्याची, देवपूरची. पांझरेच्या पुलाजवळ वाळूवरून माझी स्कुटी घसरली आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. प्लॅस्टर पार मांडीपर्यंत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मम्मी-पप्पा दोघंही ड्युटीवर. म्हणून मला उचलून जळगावला ताईकडे टाकलं, कारण तिचं घर खाली आहे. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. हॉलमध्ये खिडकीला कूलर, मग लोखंडी स्टँडवर माशांची टाकी, मग माझी कॉट, असं ओळीने. टाकीतले मासे काचेतून मला बघायचे आणि मी त्यांना. दोन्ही पार्ट्यांना दुसरं काही कामच नव्हतं.

टाकी ताईच्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची. आबा नरडाण्याकडचे, घरात अजूनही अहिराणीच बोलतात. रिटायर झाल्यावर त्यांनी टीव्ही बघायचा सोडला आणि टाकी बघायला लागले. दोन एंजल, चार प्लॅटी आणि एक काच चाटत बसणारा काळा मासा, एकूण सात. मोठ्या एंजलला ते म्हातारी म्हणायचे. तिचा वरचा पर थोडा फाटलेला होता, आणि ती त्यांच्या बोटाच्या टोकावरचा दाणा येऊन उचलायची, खरंच, मी पाहिलंय.

पण मी आले त्याच आठवड्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर काळा गॉगल. वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, बाहेर उन्हात जायचं नाही. ऑपरेशनचा डोळा अजून पाणावलेला, आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना टाकी म्हणजे नुसता हिरवा उजेड दिसायचा. ताई आणि जिजू सकाळी साडेनऊला गेले की बाहेरचं दार लागायचं आणि आम्ही दोघं आत. एकाला चालता येत नाही, एकाला दिसत नाही. म्हणून माशांचं काम माझ्याकडे आलं.

"पोरी, मासा बरा शेतस ना?" आबा सकाळ-संध्याकाळ विचारायचे.

"एकदम मस्त आहेत आबा."

"कितला शेतस, मोज बरं."

"सात."

मग ते खुर्चीत मागे टेकायचे. हे सगळं दिवसातून दोनदा, अगदी न चुकता.

आता बर्फाचं. दुपारी एक ते चार कूलरसमोर असूनही अंगाला घामोळं यायचं, प्लॅस्टरच्या आत तर अशी खाज सुटायची की मी फूटपट्टी घालून खाजवायचे. एका दुपारी डोक्यात आलं की आपण निदान फॅन लावतो, पाणी पितो, यांचं काय? ते तर त्या कोमट पाण्यातच राहतात. झालं. वॉकरला कापडी पिशवी अडकवली, किचनमधून बर्फाचा ट्रे आणला आणि सगळे क्यूब टाकीत. मासे इकडेतिकडे पळाले, मला वाटलं खूश झाले. मग रोज. आबा खुर्चीत डुलक्या घेत असायचे, मी ट्रे पिळायचे, कडकड आवाज व्हायचा आणि क्यूब पाण्यात. आठवडाभर मी हे पुण्यकर्म केलं.

आणि मग एका सकाळी म्हातारीच्या अंगावर रवा दिसला. अगदी तसाच, कुणी चिमूटभर रवा शिंपडावा तसा. मला वाटलं खाणं चिकटलं असेल. दुसऱ्या दिवशी दुप्पट, आणि प्लॅटींवर पण. एक प्लॅटी तर दगडाला अंग घासत होती, बिचारीला प्लॅस्टरच्या आतली खाज सुटल्यासारखी.

आबांनी विचारलं, "बरा शेतस ना?"

मी म्हटलं, "एकदम मस्त."

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं आणि गेल्यावर परत घेता येईना. मग आपण करतो तेच केलं, मोबाईल काढला. सगळीकडे एकच, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, एक बारीक किडा. मग माशांच्या दुकानात फोन लावला, हळू आवाजात, उशी तोंडावर धरून.

दुकानदाराने सगळं ऐकलं. मग विचारलं, "नवीन मासे सोडले होते का?"

"हो, चार प्लॅटींपैकी दोन लाल जिजूंनी नुकत्याच आणल्या होत्या. पिशवीतल्या पाण्यासकट ओतल्या."

"तिथून आला. पण तेवढ्याने एवढा नाही पसरत. पाणी थंड झालं का एकदम?"

मी उशी तोंडावर आणखी घट्ट दाबली.

"ताई?"

"मी बर्फ टाकायचे."

मग तो म्हणाला, "बर्फ. जळगावात. एप्रिलमध्ये लोक स्वतःला बर्फ मिळेना म्हणून रडतात, आणि तुम्ही माशांना."

पण माणूस चांगला होता, समजावून सांगितलं त्याने. तो किडा माशाच्या अंगावर असतो तोवर त्याला काही होत नाही. पोट भरलं की तो खाली पडतो, तळाशी फुटतो, एकाचे शेकडो होतात आणि परत मासा शोधतात. पाणी गरम असलं की त्याचं हे सगळं झटपट उरकतं, आणि तीस डिग्रीच्या वर त्याला पिल्लंच होत नाहीत. म्हणजे मासा जगतो आणि किडा संपतो. पण पाणी एकदम तापवायचं नाही, हळूहळू, दिवसाला एक-दोन डिग्री. आणि गरम पाण्यात हवा कमी राहते म्हणून बुडबुड्यांची मोटर चोवीस तास चालू. असं बारा दिवस.

"हीटर आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"ताई, जळगावात हीटर कोण घेणार? मी ठेवतच नाही. तुमचा कूलर टाकीवर मारतो ना? तो बंद करा. झाला हीटर."

बारा दिवस कूलर बंद. बाहेर त्रेचाळीस. घरात प्लॅस्टरमधली मी आणि ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस. आणि कारण काय सांगणार? खरं सांगायचं तर बर्फापासून सुरुवात करायला लागणार. त्या संध्याकाळी मी ताईला म्हटलं, "ताई, कूलरच्या गार हवेने माझं हाड ठणकतं गं."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की बस. "हॉलमध्ये तू एकटीच राहतेस का?"

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "पोरनं हाड दुखी ऱ्हायनं, नका लावा कूलर."

बंद केला. आणि मी तेव्हा ज्या सापळ्यात अडकले ना, त्याच्यापुढे प्लॅस्टर म्हणजे काहीच नाही. भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या. काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरची लाल रेघ पंचवीसवरून सत्तावीस, एकोणतीस, एकतीस. मी दिवसभर त्या रेघेकडे बघायचे, एकतीसच्या वर सरकली की झाकण अर्धं उघडायचे. आणि आबा. बनियन ओला, गॉगलच्या कडेने घाम, दर चार तासांनी डोळ्यात थेंब, मानेवर ओला पंचा. एकदाही म्हणाले नाहीत की लाव. उलट मलाच विचारायचे, "हाड कसं शे?" मी "बरं आहे" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. ताई येऊन घामाने भिजलेली उशी उलटी करायची आणि म्हणायची, "राणीसाहेबांच्या हाडापायी आम्ही सगळे शिजतोय."

तिसऱ्या दिवशी एक लाल प्लॅटी मेली. चहाच्या गाळणीने काढली, पेपरात गुंडाळली आणि ओल्या कचऱ्यात.

"कितला शेतस?"

"सात."

पाचव्या दिवशी म्हातारीच्या अंगावरचे ठिपके कमी दिसायला लागले. मी मोजायचे, नऊ, सात, मग शेपटीवर फक्त चार. मला तर ओरडावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार? सगळ्यांच्या हिशोबाने ती आजारीच नव्हती.

आणि त्याच दुपारी अडीचला लाईट गेली. फॅन थांबला तसा बुडबुड्यांचा आवाजही थांबला, आणि मला कळलं आता काय होणार. पंधरा-वीस मिनिटांत सगळे मासे वर. तोंडं पाण्याच्या बाहेर काढून उघडमीट, उघडमीट. म्हातारी पण, तिरपी होऊन. मी कॉटवरून सरकले, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर टेकवला, स्टीलचा मग टाकीत बुडवला आणि उंचावरून परत ओतायला लागले. बुडवायचा, वर, ओतायचा. हात भरून आला तरी थांबता येईना, थांबले की ती तोंडं परत वर. माझा घाम नाकावरून टाकीत पडत होता.

"काय करी ऱ्हायनी वं?" आबा भिंत धरून उभे होते.

"काही नाही आबा, पाणी..."

ते काचेला गॉगल लावून वाकणार तेवढ्यात मी ओरडले, "वाकू नका!" मग त्यांनी वाकायचं सोडलं आणि मला म्हणाले, "सांग."

मग सांगितलं. ओतत ओतत सांगितलं, मगला मग, वाक्याला वाक्य. बर्फ, रवा, किडा, कूलर, हाड दुखत नाही हे पण. आणि सात नाहीत, सहा आहेत.

आबांनी टाकीच्या काचेवर तळहात टेकवला. मग एवढंच विचारलं, "म्हातारी?"

"आहे. शेपटीवर चार ठिपके राहिलेत फक्त."

"इतला दिन खोटं सांगं माले," ते म्हणाले. "माले दिसत नही म्हनीसन?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी ओतत राहिले. आणि मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रोज दुपारले बरफना आवाज ये. माले वाटे, पोर एकलीच सरबत पी ऱ्हायनी. म्हाताराले इचारतबी नही."

म्हणजे आठवडाभर ते त्याच गोष्टीवर रुसले होते! मला हसू आलं आणि रडू पण आलं आणि हातातला मग पाण्यात पडला. आबांनी माझ्या हातावरून चाचपडत तो काढून घेतला आणि ओतायला लागले. माझ्यापेक्षा उंचावरून, बारीक धारेने, कारण तशी पाण्यात जास्त हवा जाते.

"आबा, डोळा! पाण्यात हात नको सांगितलंय!"

"डोया काचना मांगे शे," ते म्हणाले आणि गॉगल नाकावर दाबला.

दोन तास लाईट नव्हती. आम्ही आळीपाळीने ओतत बसलो. दुसरा कुणी मासा मेला नाही.

संध्याकाळी ताई घरात आली ती सरळ कूलरच्या बटणाकडे. "आज काय व्हायचं ते होऊ दे."

"नको," आबा म्हणाले. "मासा बिमार शेतस. आनखी सात दिन बंद."

"आणि आपण, आबा?"

"आपन बरा शेतस."

ताई माझ्याकडे वळली. "तुझं हाड बरं झालं वाटतं?" पुढचा अर्धा तास ती जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

त्यानंतरचे सात दिवस तसेच गेले, फक्त दुपारी मी लिंबू सरबत करायला लागले. आबा ग्लास पुढे करून रोज तेच म्हणायचे, "बरफ माले दे. त्यास्ले नको." पण एक गोष्ट बंद झाली. मासे किती आहेत हे त्यांनी मला परत विचारलं नाही. मी वाट बघायचे. सकाळी बघायचे, संध्याकाळी बघायचे. नाही विचारलं.

बाराव्या दिवसानंतर डॉक्टरांनी त्यांचा गॉगल काढला. घरी आल्या आल्या ते टाकीसमोर उभे राहिले. काचेवर बोट टेकवून एकेक मोजला, मग परत पहिल्यापासून मोजला. म्हातारी बोटामागे फिरली, अंगावर एकही ठिपका नाही. "सहा," ते टाकीलाच म्हणाले. मग जाऊन कूलरमध्ये पाणी भरलं.

आता मी देवपूरला परत आलेय, काठी घेऊन चालते, पण तिसऱ्या मजल्यावरून उतरायला अजून परवानगी नाही. परवा आबांना फोन केला. माशांचं विचारलं.

"मस्त शेतस," आबा म्हणाले. "एकदम मस्त."

"किती आहेत आबा?"

"सात."

मी म्हटलं, "नवीन आणलात?" तर पलीकडे नुसता बुडबुड्यांचा आवाज. मग म्हणाले, "आठे ये, मोजी ले," म्हणजे इथे ये आणि मोजून घे, आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी रोज जिन्याकडे बघतेय.