सत्तावीस नंबरचा विकेटकीपर

वडशाच्या रेल्वे फाटकापलीकडे राहणारा इस्तारी पेंटर वर्षातले आठ महिने दुकानांच्या पाट्या रंगवी आणि हिवाळ्याचे चार महिने झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे. महाल, जंगल, रस्ता आणि तुरुंग एवढ्या चार पडद्यांत माणसाचे सारे दुःख मावते, असा त्याचा अनुभव होता. पडदा पुरा झाला की उजव्या कोपऱ्यात खाली ‘पेंटर इस्तारी, वडसा’ असे लिहून मगच तो ब्रश धुवी. नाव ही त्याच्या लेखी जाहिरात नव्हती. महालाचा खांब वाकडा निघाला तर कुणाला बोलायचे, हे लोकांना ठाऊक असले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

नाव न टाकता त्याने आयुष्यात एकच वस्तू रंगवली. ती तळहाताहून लहान होती.

शहाण्णव साली चिंगमच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची कार्डे निघत. संच चाळीसचा. इस्तारीची एकुलती मुलगी साधना तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिची एकोणचाळीस कार्डे झाली होती. सत्तावीस नंबरचा विकेटकीपर तेवढा वडशात कुणालाच निघत नव्हता. त्या हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला. त्याची बायको प्रेमिला पेजेची वाटी घेऊन उशाशी बसे, पोरगी तोंड फिरवी आणि फक्त विचारी, “आज सत्तावीस निघाला का?”

इस्तारीने आरमोरीपर्यंतच्या दुकानांतली पाकिटे फोडून पाहिली. शेवटी त्याने जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला. चिंगमच्या डब्याच्या झाकणावर विकेटकीपरचे नखाएवढे चित्र होते, ते समोर ठेवून चार केसांच्या ब्रशाने त्याने कार्ड रंगवले आणि वर वार्निश फिरवले. एक पाकीट वाफेवर उघडून त्यात ते सरकवले आणि भाताच्या खळीने पाकीट पुन्हा चिकटवले. साधनाने ते आपल्या हाताने फोडले. त्या दिवशी तिने अर्धी वाटी पेज घेतली.

“आता बोलू नोको कोनाले,” प्रेमिला म्हणाली. तो अकरा वर्षे बोलला नाही.

दोन हजार सात साली साधना पदवी घेऊन देवानंदच्या इंटरनेट सेंटरमध्ये लोकांचे अर्ज भरून देण्याच्या कामावर होती. कार्डांचा छंद सुटला नव्हता. देशभरच्या छांदिष्टांचे एक संकेतस्थळ होते, तिथे ती कार्डांची अदलाबदल करी. त्या उन्हाळ्यात एका दूरच्या माणसाने तिची दोन अस्सल कार्डे टपालाने मागवून घेतली आणि बदल्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेली रंगीत झेरॉक्स पाठवली. त्यानंतर तो संकेतस्थळावरून नाहीसा झाला.

देवानंद म्हणाला, “साधनाबाई, चिंगमच्या कागदापायी पोलिसात जाशीन का? ठानेदार पहिले चिंगम मागन.”

ती हसली, पण घरी जेवताना तिचा घास हातातच राहिला. “कार्ड गेलं त्याचं नाई, बाबा. त्यानं मले ताई म्हटलं होतं. असा मानूस घरी जाऊन जेवते कसा?”

इस्तारी ताटावरून उठला.

पंधरवड्याने कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा निरोप आला. त्यांचा संचही सत्तावीसपाशीच अडला होता. तिने संकेतस्थळावर लावलेले आपल्या कार्डाचे चित्र त्यांनी बारकाईने पाहिले होते. याच्या चेहऱ्यावर उजेड खालून पडलेला दिसतो, तेव्हा ही छपाईतली दुर्मीळ चूक असावी, असे मोठ्या आनंदाने लिहून त्यांनी ते कार्ड मागितले होते. साधनाने दोन दिवस विचार करून कार्ड घालून लिफाफा तयार केला.

“मले एकानं फसवलं म्हनून मी हात आखडला, तर थो चोरच जितला,” ती म्हणाली. “सकाळी रजिस्टर करतो.”

इस्तारी अंगणात पाटीला पांढऱ्या रंगाचा हात देत होता. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“बाई, थो लिफाफा खोल.”

“काऊन?”

“त्यातला कीपर माह्या हातचा हाय.”

“मस्करी काऊन करून राह्यले?”

“उजेड पाह्य त्याच्या तोंडावरचा. मैदानात ऊन वरून येते. नाटकात दिवे पायाशी राहते. जलमभर पडदे काढले मी. हातानं सवयीनं दिवे खालीच लावले.”

साधनाने कार्ड काढून दारातल्या उजेडात धरले. हनुवटी उजळ होती, कपाळ सावलीत. असल्या चेहऱ्याचे राजे आणि शिपाई तिने लहानपणापासून पडद्यांवर पाहिले होते. कार्डावर मात्र तिला ते कधी दिसले नव्हते.

“त्या चोरानं बी खोटंच देल्लं,” ती म्हणाली. “तुमी बी.”

“हो.”

तापाची, न खाल्लेल्या पेजेची, फोडलेल्या पाकिटांची हकीकत त्याच्यापाशी होती. ती पुढे केली असती तर तिने तत्क्षणी माफ केले असते. म्हणूनच त्याने ती पुढे केली नाही. ज्या प्रेमामुळे आपण खोटे केले, त्याच प्रेमाकडे त्या खोट्याची माफी मागणे त्याला लाजिरवाणे वाटले. तो पाटीकडे वळला.

साधना आत गेली. लिफाफ्यावरचा पत्ता तसाच ठेवून तिने कोल्हापूरला पत्र लिहिले: कार्ड माझ्या वडिलांनी रंगवलेले आहे, मला आजच कळले, तुमचा सत्तावीस माझ्याकडे नाही. मग तिने फळीवरचा सर्वांत बारीक ब्रश शोधला आणि कार्डासह बापापुढे ठेवला.

“नाव टाका.”

“आता? अकरा वर्सानं?”

“पडद्यावर टाकता. इथी काऊन नाई?”

इस्तारीने हात लुगड्याच्या चिंधीला पुसले. उजव्या कोपऱ्यात, खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत त्याने नाव लिहिले.

रंग वाळेपर्यंत साधना कार्ड कडांनी धरून उन्हात बसली होती. नंतर तिने आपली यादीची वही उघडली. सत्तावीससमोरची खूण खोडून तिथे ‘नाही’ असे लिहिले. मग चाळीसच्या खाली पट्टीने एक नवी ओळ आखली आणि लिहिले: एक्केचाळीस. विकेटकीपर. पेंटर इस्तारी, वडसा.